वीणेवरची खूण

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलांना नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळाला तर मुळीच नाही — तिथे माझा मान आहे, आणि मान ही अशी चीज आहे की ती पानात पडली की कुणी ‘पुरे’ म्हणत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायला बसलो की मी भलतंच काहीतरी काढतो. मग मी चहा मागवतो, चहाबरोबर कोकण रेल्वे निघते, भाताचा भाव निघतो, आणि सांगायचं ते राहून जातं. किती वेळा असं झालं म्हणून सांगू? म्हणून आज तुम्हाला धरलंय. तुम्ही मला ओळखत नाही आणि मला चहाही मागवता येत नाही.

तर — एक वीणा आहे. आमच्या गावच्या देवळात, काचेच्या पेटीत. तिच्या भोपळ्यावर एका बाजूला अंगठ्याएवढी खूण आहे, जरा वेगळ्या रंगाची. सप्ता बसायच्या आधी वीणा बाहेर काढतात तेव्हा लोक त्या खुणेला हात लावतात आणि तो हात कपाळाला लावतात. नव्या सुनांना, जावयांना सांगतात, “ही पोलिसांच्या काठीची खूण. अनंतादादांनी काठी खाल्ली, पण वीणा खाली ठेवली नाय.” अनंतादादा म्हणजे मी. आणि तेव्हा मी बाजूलाच उभा असतो, नम्र चेहरा करून. नम्र चेहरा मला फार छान जमतो.

काठी कुणी मारली नव्हती. मला नाही आणि वीणेलाही नाही.

हे झालं अर्धं. बाकीचं अर्धं याहून वाईट आहे आणि ते मी लगेच सांगणार नाही, कारण मला भीती वाटते की ते ऐकल्यावर तुम्ही मधली मजा ऐकायला थांबणार नाही. आणि मजा तर होती! माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस होते ते. रडका चेहरा करून ते सांगितले तर ते आणखी एक खोटं होईल.

तेव्हा नव्या रेल्वेचे रूळ रोह्याच्या पुढे पडत होते. मी रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होतो, आणि गाव आमचं पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीला चिकटून. पुढे खाडी, मागे भातशेती, आणि दोघांच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. तो आहे म्हणून आम्ही आहोत. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा ते बसलं की ती जमीन पुढची कैक वर्षं भाताचं नाव घेत नाही. खाडीतून मालाचे बार्ज जा-ये करायचे आणि त्यांच्या लाटा बाहेरकाठ्याचं पोट पोखरायच्या. एका उधाणाला त्याला खांड पडली, म्हणजे बांध तुटून पाण्याला वाट झाली. सगळ्या गावाने चिखल टाकून ती बुजवली खरी, पण येत्या पावसाळ्यातलं उधाण ती सोसणार नाही हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. हवे होते दगड. बांधाला बाहेरून दगडांचं जाड अस्तर.

दगड मिळायचे तर ते पेणला, रामवाडीजवळच्या एका सरकारी कचेरीतून. तिथे मी मोर्चे न्यायचो. कंपनीतल्या युनियनमध्ये चार भाषणं ऐकली होती, त्यामुळे क्रांती माझ्या खिशातच असायची. ‘लाठ्या खाऊ, गोळ्या खाऊ, दगड घेऊन घरला जाऊ’ — ही घोषणा माझी. लक्षात ठेवा हं ती, पुढे लागणार आहे. साहेब मोठा गोड माणूस. खाली यायचा, ऐकून घ्यायचा, पुढाऱ्यांना चहा पाजायचा. संध्याकाळच्या एसटीने मोर्चा घरी. दगड जिथल्या तिथे.

गावात दुसरा पक्ष होता हिराजीबुवांचा. भजनी मंडळाचे ते म्हातारे मुख्य. त्यांना मोर्चा म्हटलं की ओकारी यायची. देव देवळात, राजकारण बाजारात, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि मला त्यांचं भजन म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा. “टाळ कुटून बांध होत नाय, बुवा,” असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो. ते म्हणायचे, “आनि बोंब मारून होतो व्हय?” दोघांचंही बरोबर होतं — हे दोघांनाही कळत नव्हतं.

ते कळलं सुभद्रावयनीला. माझ्या थोरल्या भावाची बायको. ती पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला जायची, त्यामुळे तिच्या नखांत कायम गणपतीच्या अंगाचा रंग असायचा. हसायला तिला कारण लागत नसे. गाणं मात्र ती कधी म्हणत नसे, निदान आमच्यासमोर तरी नाही. एकदा बुवांचं नि माझं आमच्या ओटीवर असंच जुंपलेलं असताना ती पाण्याचा हंडा घेऊन आत जाता जाता म्हणाली, “मोर्चा सांजचा घरला येतो. सप्ता सात दिस उठत नाय. तोच न्या की त्या हापिसासमोर.”

आणि आत गेली. बुवांनी तंबाखू मळायची थांबवली. किती सोपं होतं! मोर्चाला ‘उद्या या’ म्हणता येतं. अखंड हरिनामाला ‘उद्या या’ कोण म्हणणार? कुठल्या साहेबाची छाती होईल? आणि बुवांना पटावं असंही त्यात होतं. जमीन राखणं हे जर पाप नसेल, तर देवाला तिच्या कामाला का बोलवू नये? बुवा म्हणाले, “देवाला तरी शेताचाच तांदूळ दाखवतो ना आपन.” झालं.

सप्ता म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल, तरी एक रीत सांगून ठेवतो, कारण सगळं तिच्यावर अडलेलं आहे. सात दिवस नाम थांबत नाही आणि सात दिवस वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यात ती असते, तो उभ्याने नाम घेत असतो. त्याचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात — धाकटा-थोरला, गरीब-श्रीमंत काही बघायचं नाही, दोघांनीही पडायचं — आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. खाली ठेवली तर सप्ता मोडला. आणि आमच्या गावात आणखी एक रीत होती. वीणा बायांच्या गळ्यात जात नसे. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

वैशाखात सप्ता बसला. कचेरीसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव, लोखंडी खांब, वर ताडपत्री. काय सांगू तुम्हाला! पहिल्या दिवशी साहेब खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी कचेरीतला शिपाई मृदंगाला बसला. तो पट्टीचा वाजवणारा निघाला, आणि जेवणाच्या सुट्टीत उठेचना. तिसऱ्या दिवशी कारकून मंडळी रांगेत बसून आमच्याबरोबर डाळभात जेवली. एक जाडजूड हेडक्लार्क होता, मोर्चाच्या वेळी आम्हाला आत सोडायचा नाही, तो फुगडी घालायला आला आणि दोन फेऱ्यांत धापा टाकत खाली बसला. बाया इतक्या हसल्या की नाम चुकलं.

आणि आमची पोरं! खाडीकाठची माणसं, सात दिवस सुकट नाही, बोंबील नाही. चौथ्या दिवशी एकाने कीर्तनातच विचारलं की वैकुंठात वाकट्या मिळतात का. बुवा रागावले, आणि मग स्वतःच तोंडाला उपरणं लावून हसत बसले. माझ्या घोषणा बायांनी गवळणीच्या चालीवर बसवल्या होत्या — ‘दगड द्या हो दगड द्या, बाहेरकाठ्याला दगड द्या.’ साहेबाचा पोरगा ते गुणगुणत घरभर फिरतो, असं शिपायाने येऊन सांगितलं तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या.

मी? मी पहिले दोन दिवस पुढारी होतो. तिसऱ्या दिवशी पहाऱ्याला माणूस कमी पडला म्हणून बुवांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. लाजत उभा राहिलो. आणि थोड्या वेळाने — कसं सांगू? मी नाम घेत होतो आणि मला बांध दिसत होता. चिखल टाकणारे सगळे हात दिसत होते. आजवर ज्या माणसांच्या नावाने मी घोषणा दिल्या ती माणसं पहिल्यांदाच मला आवडत होती. एवढं सुख मला कुठल्याही भाषणात मिळालं नव्हतं. पहारा संपला तेव्हा मी बुवांच्या पाया पडलो, ते माझ्या पडले. त्या दिवसापासून मी दुपारचा पहारा मागून घेतला.

आणि मग पाचवा दिवस.

त्या दिवशी साहेब हरला. सकाळीच म्हणाला, चला, दाखवा तुमची खांड. जीप निघाली आणि तिच्यामागे अख्खा मांडव दोन टेंपोंत भरून बाहेरकाठ्यावर गेला. मागे राहिलो तिघं. मी, गळ्यात वीणा. हिराजीबुवा टाळ मांडीवर ठेवून खांबाला टेकून गाढ झोपलेले. आणि मांडवाच्या मागच्या बाजूला सुभद्रावयनी, सुपात तांदूळ निवडत.

दोन दिवस गावात कुजबुज होती की वरून हुकूम आलाय, मांडव उठवणार, धरपकड होणार. मी हसण्यावारी नेत होतो. आणि भर दुपारी रस्त्यावर पोलिसांची निळी गाडी थांबली. दार उघडलं. आधी एक काठी बाहेर आली. खरं सांगतो, माणूस मी पाहिलाच नाही. मी फक्त काठी पाहिली.

लाठ्या खाऊ, गोळ्या खाऊ — नाही का?

वीणा गळ्यातून काढली. लोखंडी खांबाला कसलीशी दोरी होती तिच्यात अडकवायला गेलो, ती अडकली की नाही ते बघायला थांबलो नाही. मागे काहीतरी ठणकन आपटल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकूनही मी वळलो नाही. कचेरीच्या मागून, गटारावरून उडी मारून, अनवाणी, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ — रामवाडीच्या नाक्यावर. तिथे रोह्याची एसटी उभी होती. चढलो.

आता गंमत बघा. कंडक्टरने मला पाहिलं आणि हात जोडले. “बसा बुवा, बसा.” एक माणूस उठून मला खिडकी देऊ लागला. पळपुट्याला खिडकी! शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर टोपली. तिने माझ्या बुक्क्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला. “हापिसासमोरच्या सप्त्यातले काय तुमी? मी कालच डोकं टेकून आले. पाच दिस झाले, अखंड हाय म्हनतात.” मी मान हलवली. मग तिने अगदी साधेपणाने, काही मनात न ठेवता विचारलं, “मंग आता वीना कोनाकडं हाय?”

मी खाली उतरलो. शौर्य नव्हतं हो ते. त्या बाईच्या शेजारी रोह्यापर्यंत बसणं मला शक्य नव्हतं, एवढंच.

परत येताना मी ऐकलं ते अजून माझ्या कानांत आहे. मांडव दिसायच्या आधी आवाज आला. बाईचा. उघडा, खणखणीत, जरा बेसूर, आणि इतका आनंदी की मला वाटलं कुणीतरी लग्नघरात गातंय. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. मांडवात सुभद्रावयनी उभी होती. डोक्यावर पदर, गळ्यात वीणा, डोळे मिटलेले. आणि तिच्यासमोर, बूट बाहेर काढून, काठी खांबाला टेकवून, तो हवालदार टाळ वाजवत होता. सावंत त्यांचं नाव. माळकरी. दुपारच्या जेवणाआधी दर्शनाला आले होते बिचारे. मी ज्याच्या भीतीने पळालो तो माणूस हात जोडायला आला होता!

सावंतांनी माझे चिखलाचे पाय बघितले, मग माझं तोंड बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. टाळ वाजवत राहिले. वयनीने डोळे उघडले. मला बघून ती हसली — कुत्सित नाही, खरंच बरं वाटून, जसं पोर बाजारात हरवून सापडल्यावर हसतात तसं. वीणा गळ्यातून काढली. रीतीप्रमाणे वाकून माझ्या पाया पडली. नाम तिने तोडलं नव्हतं, ते मी तिच्या तोंडातून उचललं. वीणा माझ्या गळ्यात आली. भोपळ्याला टवका उडाला होता. ती मागे जाऊन पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

तेवढ्यात बुवांना जाग आली. त्यांनी काय बघितलं? समोर पोलीस. खांबाला काठी. माझ्या पायाला रक्त, गटाराजवळच्या पत्र्याने कापलेलं. वीणेला टवका. आणि मी नाम घेत उभा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “पोरा,” म्हणाले, “काठी खाल्लीस, पर वीना सोडली नायस.”

मी नाम घेत होतो. नाम घेणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, ही केवढी सोय! मी बोललो नाही. सावंतांनी माझ्याकडे बघितलं, थोडे थांबले, मग बूट घालून निघून गेले. संध्याकाळी टेंपो परतले तोवर बुवांनी कथा पुरी केली होती. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी उतरवा म्हणालो, पण फार जोरात म्हणालो नाही.

चुलीपाशी वयनी एकटी दिसली तेव्हा मी गेलो. “वयनी, कुनाला बोलू नको.” ती भाताचं झाकण काढत होती. म्हणाली, “काय बोलू, भावजी? बाईच्या गळ्यात वीना गेली म्हनू? तुमचे बुवा उद्याच सप्ता मोडला म्हनतील, आनि साहेबाला बरंच वाटंल. बांध माझा नाय काय?” आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून भेगा भरायची लांबी आणि रंग आणून, वीणा माझ्या गळ्यात असतानाच तिने टवका भरला. ती खूण गणपतीच्या अंगाच्या रंगाची आहे ती म्हणून. ती गप्प राहिली ती बांधासाठी. मी गप्प राहिलो तो माझ्यासाठी. बाहेरून दोन्ही गप्प सारखेच दिसतात.

सातव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला साहेब अनवाणी आला. वीणेपुढे हात जोडून, माईकवरून म्हणाला की पावसाआधी दगड पडतील. आणि पडले! ट्रकमागून ट्रक. बायांनी पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरला ओवाळलं, तो इतका बावरला की गाडी चिखलात घातली. बार्जही संथ जायला लागले. त्या पावसाळ्यात उधाण आलं, बाहेरकाठ्यावर आपटलं आणि परत गेलं. गाव बांधावर उभं राहून ओरडत होतं, मीही. त्या आनंदात माझं खोटं कुठे दिसणार? पावसात पाणी शिंपडल्यासारखं झालं ते.

हं. आता तुम्हाला वाटेल, झालं, सांगून टाकलंन. पळाला, लपवलं, वय लहान होतं. नाही. एवढंच असतं तर मी हे कधीच हसत हसत सांगून मोकळा झालो असतो. पळणं मला कबूल करता येतं. ते पायांनी केलं. पुढचं मी शुद्धीवर, मांडी घालून, पान खाऊन केलंय.

पुढच्या वर्षी गावातच सप्ता बसायचा होता. देवळात बैठक होती. वयनी चार बायांना घेऊन आली, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “बुवा, यंदा दुपारचा येक पहारा बायांना द्या. पेनला सात दिस आमी बी होतो.” कुजबुज झाली. बुवा वाईट माणूस नव्हते. ते दचकले, पण रागावले नाहीत. दाढी खाजवली आणि माझ्याकडे वळले. “अनंता, तू सांग. तू या वीनेपायी काठी खाल्लीस. तू व्हय म्हनलास तर व्हय, नाय म्हनलास तर नाय.”

सगळे माझ्याकडे बघत होते. वयनीही बघत होती — आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? मजा. तिला खात्री होती. तिला वाटलं की आता भावजी हसणार आणि ‘व्हय’ म्हणणार, मागचं एक अक्षर न काढता. एक शब्द होता. त्याला काही मोल पडत नव्हतं. मला कुणी खरं सांग म्हणत नव्हतं.

पण माझ्या मनात काय आलं? की बाई वीणा घेऊन उभी राहिली, तिच्या तोंडून तो आवाज निघाला, तर कुणालातरी काही आठवेल. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी त्या दुपारी ऐकलं असेल तर? आणि खरं सांगू — तो आवाज माझ्याहून चांगला होता. विणेकरी म्हणून माझं जे काही होतं ते त्या एका आवाजाने गेलं असतं.

मी म्हणालो, “रीत आहे ती आहे. पुढं बघू.”

बस. एवढंच बोललो. वयनीच्या चेहऱ्यावरची मजा लगेच गेली नाही, ती जरा वेळाने गेली. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला, बायांना म्हणाली, “चला गो, भाताचं बघायचं हाय,” आणि गेली. पुन्हा तिने हा विषय काढला नाही. माझ्याशी वागणं बदललं नाही. जेवायला बोलावते, चिडवते, खदखदून हसते. आणि आमच्या गावात अजून बायांच्या गळ्यात वीणा नाही. आजूबाजूच्या गावांत आली, आमच्यात नाही. कुणी विषय काढला की पोरंच म्हणतात, “अनंतादादांनी जिच्यासाठी मार खाल्ला ती वीना हाय, कशी देनार?” माझं ‘पुढं बघू’ अजून चालूच आहे.

आणि सावंत हवालदार? आमच्या यात्रेत बंदोबस्ताला आले की पोरं त्यांना टोमणे मारायची, वीणेवर काठी टाकणारा म्हणून. ते हसून टाळ मागून घ्यायचे आणि मागे उभे राहून वाजवायचे. मग बदली झाली त्यांची. तेव्हाही मी मूग गिळून बसलो होतो.

वयनी आता रोह्याला थोरल्या मुलाकडे असते. दर वर्षी सप्त्याचा प्रसाद घेऊन मी पेणहून पॅसेंजरने जातो. यंदाही गेलो. तिचे दात गेलेत, हसणं गेलेलं नाही. मी नुसत्या लाह्या पुढे केल्या तर म्हणते, “सुकट नाय आनली?” यंदा मला काय झालं कुणास ठाऊक, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. “वयनी, त्या दिशी वीणा भुईला लागली होती काय गो?”

तिने लाह्या बाजूला ठेवल्या. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दहा वर्षांचा आहे. “खांबाला लागली. भुईला कशी लागंल? सूप टाकून धावले मी, पदरात घेतली. सगळे तांदूळ सांडले, परत निवडत बसले.” आणि हसायला लागली. मीही हसलो. म्हणजे सप्ता अखंडच होता! इतकी वर्षं मी मनात मोडका समजत होतो, आणि तो कुठे मोडलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच खुर्चीत डोळे पुसले.

मग ती म्हणाली, “त्या डागाचा रंग उडाला असंल आता. येताना वीना घेऊन या, हात फिरवते.” मी ‘बघू’ म्हणालो. पेटी उघडायची तर मंडळाला कारण सांगावं लागेल. निघालो. ती दारापर्यंत आली, आणि मी चपला घालून जिना उतरलो.

गाडीत आठवलं. तिच्यापुढे वाकायला मला कुणी अडवलं नव्हतं. तिथे गावातलं कुणीही नव्हतं.

रीत आहे ती आहे, असं मी म्हणालो होतो ना? पहारा बदलताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, ही रीत. त्या दुपारी सुभद्रावयनी माझ्या पाया पडली. मी तिच्या पडलो नाही, कुणी बघेल म्हणून. पाचव्या दिवसाचा तो पहारा तिचा होता.